चामड्याचे बूट

पहिली पाळी संपवून नवरा दुपारी परगावच्या खोलीवर येतो आणि फोन लावतो. पडद्यावर बाप दिसला की लेक हसते. आजही हसली. मला मात्र त्याचे ओठ शाई चाटल्यासारखे दिसले.

"खिडकीपाशी जा."

"उजेडामुळे तसं दिसतंय गं. डोकं तेवढं ठणकतंय."

"नखं दाखव."

"झाली मास्तरीणबाईंची तपासणी सुरू!" त्याने हात पुढे धरला. नखंही करडी-निळी.

रंगाच्या कारखान्यात तो ॲनिलिनच्या पिंपांवर असतो. कॉलेजात मी ते बाटलीत पाहिलंय. तेलकट, मासळीच्या वासाचं. ताजं पाण्यासारखं, हवा लागली की तपकिरी. पोटातच जायला हवं असं नाही, कातडीतून शिरतं आणि रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही.

"आज सांडलं का?"

"सकाळी नळी सुटली, पायावर थोडं. लगेच अंघोळ केली, कपडे बदलले. ऐकतो हो तुझं."

"आणि बूट?"

"पायातच आहेत. पुसले की कोरडे!"

कारखान्याचे गमबूट चावतात म्हणाला, म्हणून हे मऊ चामड्याचे मीच पाठवले होते. चामडं ते पिऊन बसलं होतं, सकाळपासून त्याच्या पायाला पाजत होतं.

"आधी खालच्या दुकानदारांना हाक मार, दवाखान्यात न्या म्हण. मग बूट-मोजे काढ. साबण, गार पाणी. डॉक्टरांना ॲनिलिन सांग."

"अगं, एवढं काय..."

"मी ओरडतेय का? नाही ना? मग ऐक."

त्याने हाक मारली. मोजा निघाला, तळपाय तपकिरी. मग त्याने दुसराही मोजा ओढून काढला.

नळाचा आवाज आला, कुणाचीतरी घाई, दार. फोन टेबलावरच राहिला. पडद्यावर छताचा पंखा. दुकानदारांचा नंबर माझ्याकडे नव्हता, तिथलं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. इथे तरी कोण होतं? मी फोन चार्जिंगला लावला आणि लेकीला मांडीवर घेऊन तो पंखा बघत बसले. ती पडद्यावर बोट टेकवून "बाबा" म्हणत राहिली.

दीड तासाने पंख्याच्या जागी एक मिशाळ चेहरा आला.

"वहिनी, आहात का? खालचा दुकानदार मी. फोन न्यायला आलो. दाखल केलंय त्याला, शिरेतून निळं औषध देतायत. ओठ जरा उजळलेत. वेळेत आणलंत म्हणाले डॉक्टर."

मी लेकीचं बोट पडद्यावरून बाजूला केलं.

"आणि वहिनी, हे बूट दारात पडलेत. चांगले दिसतायत. उचलून आत ठेवू?"

"हात लावू नका!"

मी इतकी ओरडले की लेक दचकून रडायला लागली.