ठमाबाईचा दोर

अठ्ठावन्न सालचा ज्येष्ठ. पाऊस तोंडावर आला आणि ठमाबाईची होडी अजून पाण्यात. नवऱ्यामागे तिचं घर चालत होतं ते या होडीवर. ती फुटली की संपलंच. आणि वर ओढायच्या वाटेवर, उजव्या अंगाला, तो मेला काळा खडक.

ओढायचे दोर दोन. उजवा मानाचा, दीर बाबाजीच्या भावकीचा. तिथला माणूस डावीकडे हलत नसे. डाव्याला शेजारी. विधवेनं दोराला हात लावायचा नाही, अशी कोळीवाड्याची रीत. म्हणून होडीची मालकीण लांब उभी.

तिची राही रेवदंड्याला अकरावीत. ती वाळूत रेघा ओढत बसली होती.

"काय गो ह्ये?"

"दोन दोर, आये. एका मानसाची एक वीत. समोर तशाच दोन रेघा काढून चौकोन पुरा करायचा. मंग ही मधली तिरकी रेघ. होडी हिच्यावरनं जानार."

दोन्हीकडे नऊ-नऊ माणसं. खडकाच्या जागी ठेवलेला शिंपला तिरक्या रेघेपासून चांगला दूर होता.

ठमाबाईला शाळेतलं कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. "डावीकडच्या नामाला एक धरलंस? त्यो नुसता वरडतो, अर्धा धर. विठोबाची कंबर गेलीय, त्यो बी अर्धा. दादू तापानं फनफनतोय, त्याला धरूच नको."

राहीनं डावी रेघ आखूड केली, चौकोन पुन्हा जुळवला. तिरकी रेघ उजवीकडे कलली ती थेट शिंपल्यावर.

"दोन मानसं कमी पडतात, आये."

डावा दोर धरायला कोळीवाड्यात आणखी पुरुष उरला नव्हता. राही होडीखाली ओंडके सरकवायला धावली. भरती पुरी चढली, ओढ सुरू झाली, आणि खरंच होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, खडकाकडे वळायला लागली.

ठमाबाईनं पदर खोचला आणि डावा दोर धरला.

"वहिनी, ही रीत हाय का?" बाबाजी ओरडला. पण हातातला दोर त्याला सोडता येईना.

"होडी माजी हाय, भावजी. वढा."

वीतभर अंतरानं खडक मागे पडला.

सोललेले हात पाण्यात बुडवून ती परतली, तर डाव्या रेघेला दोन नव्या विती जोडलेल्या.

"ह्या कोनाच्या?"

"तुज्या."

"नामा अर्धा आनि मी दोन?"

"व्हय."

ठमाबाईला रडू फुटलं. नवरा गेल्यापासून कोळीवाड्यानं तिला एक माणूस म्हणूनसुद्धा धरलं नव्हतं.