सावकाश निवू दे

मार्गशीर्षातली संध्याकाळ. निर्वात, निःशब्द, निस्तेज. टेकडीमागे सूर्य कलंडला आणि माळावरचा उजेड केशरी झाला, करडा झाला, राखेसारखा झाला. प्रयोगशाळेच्या काचांवर तो थोडा वेळ रेंगाळला, मग गेला.

आत भट्टी धगधगत होती. सिलिकॉनच्या तबकडीवर गॅलियम आर्सेनाइडचा थर धरला होता, कणावर कण, दुधावर साय धरावी तसा. सिलिकॉनला सगळं येतं, प्रकाश देणं तेवढं येत नाही. म्हणून त्याच्याच अंगावर हा प्रकाशगर्भ, परका स्फटिक वाढवायचा आणि त्यातून लेझर उजळवायचा, या एका ध्यासात उपासनी सरांचं आयुष्य गेलं. लोक हसले. सर कामात राहिले.

हे दोन स्फटिक तापलेले असतात तोवर एकमेकांना बिलगून असतात. निवताना एक थोडा आकसतो, दुसरा फार. घाई केली की थर तडकतो. म्हणून सरांचा नेम होता, भट्टी विझवली की स्टुलावर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे. "सावकाश निवू दे गं," ते त्यांच्या विद्यार्थिनीला, शर्वाणीला म्हणत. "घाई आपल्याला आहे, त्याला नाही."

आज ते स्टूल रिकामं होतं. सर इस्पितळात होते, आणि भट्टीत शेवटची तबकडी होती. उद्यापासून हे दालन बंद. सरांचे डोळे मिटण्याआधी त्यांना तो उजेड दाखवायचा, एवढंच शर्वाणीला हवं होतं.

सरांच्या पत्नीचा फोन आला. "येतेस ना? सारखं तुझंच विचारतायत."

शर्वाणीने भट्टी विझवली आणि थंड वायूचा झोत वाढवला. ज्या हातांना सरांनी थांबायला शिकवलं होतं, ते हात आज थांबले नाहीत. लाल भट्टी काळवंडली, काळी भट्टी गारठली, आणि तिने दार उघडलं.

सूक्ष्मदर्शकाखाली भेगा होत्या. आडव्या, उभ्या, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडाव्यात तशा. त्या थरातून आता कधीच काही उजळणार नव्हतं. तिला रडू आलं नाही. स्वतःची शरम वाटली.

इस्पितळातल्या पांढऱ्या, पाणचट उजेडात सरांनी डोळे उघडले. लेझर उजळला का, हे त्यांनी विचारलंच नाही.

"सावकाश निवू दिलंस ना?"

"हो, सर."

"मग उजळेल," ते म्हणाले, आणि निश्चिंत झाले.

खिडकीबाहेर अंधार दाटला. श्वास विरळ झाला, विरत गेला, थांबला. कोणीतरी दिवा मंद केला. शर्वाणीने सरांचा हात सोडला नाही. खुर्चीत ती तशीच बसून राहिली, आणि तिच्या तळव्यात तो हात निवत गेला, सावकाश, अगदी सावकाश, कुठेही न तडकता.