खालची जागा

"एने, तुम्ही बसा. मी जाते आणि सरळ सांगते त्यांना, इथून उठा म्हणून."

"आधी तोंड धुऊन ये," सासूबाई म्हणाल्या. "पाहुण्याला उठ म्हणायला निघालंय ते तोंड!"

बीश्केकहून आलेल्या त्या कुटुंबाने तंबू ठोकला होता तो नेमका घळीत. नवरा-बायको आणि दोन लहान पोरी. आमच्या तळ्याकाठी पाहुण्यांच्या तंबूंसाठी अकरा जागा आहेत. सगळ्या वर चढावर, दगड वेचून सपाट केलेल्या. पण माणसाच्या डोळ्यांत भरते ती घळ. कोरडी, मऊ गवताची आणि समोर सगळं तळं. डोंगरावरचं बर्फ वितळलं की संध्याकाळी पाणी खाली येतं आणि पलीकडच्या ओढ्याने तळ्यात जातं. ओढा वर कुठे तुंबला, तर मात्र ते घळीने येतं, आणि तेव्हा कुणाला विचारून येत नाही. तो कडक उन्हाचा सलग पाचवा दिवस होता, आणि सकाळपासून ओढ्याचा आवाज बसला होता.

तुम्ही म्हणाल, पाटी लावा. लावली होती. पहिली पाटी पाहुण्यांनी मटणाखाली जाळली. दुसरीवर मोजे वाळत घालायचे. मग दगडांची रांग लावली, तर तिच्या चुली झाल्या.

एनेंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, वय एकोणसत्तर. आमच्यात सुनेने सासू-सासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. पाहुणे त्यांना कालिपा-अपा म्हणतात. मी काही नाव घेतलेलं नाही. गुडघे गेलेले, तरी तळ्यावरून पाण्याची बादली स्वतः आणतात. माझं त्यांच्याशी दिवसातून तीनदा वाजतं. माझा नवरा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात असतो, म्हणून वाचतो.

एने चहा, ताजी रोटी आणि वाटीभर साय घेऊन खाली गेल्या. मी किटली घेऊन मागे.

"वर झाडाखाली वारा छान असतो," त्या म्हणाल्या.

"इथून फोटो काय झकास येतो, अपा!" नवरा म्हणाला. त्याचं नाव तालगात. तंबू कोरा करकरीत होता आणि त्याचा मालकही तंबूइतकाच ताठ होता.

"वरून तळं अख्खं दिसतं."

"इथे गवत मऊ आहे ना. पोरी लहान आहेत."

"इथे पाणी येतं कधी कधी, बाळा."

"शेवटचं कधी आलं होतं?"

"चौदा वर्षं झाली."

तालगात खो खो हसला. "मग नेमकं आमच्याच नशिबात येणार होय!"

एनेही हसल्या आणि त्याच्या रोटीवर आणखी साय घातली. मला मात्र तिथे उभं राहवेना.

चौदा वर्षांपूर्वी याच गवतावर दोन विद्यार्थी उतरले होते. सासऱ्यांनी त्यांना दोनदा चहा पाजला, तीनदा वरचा वारा सांगितला. उठा म्हणाले नाहीत. आलेल्या माणसाने जिथे बूड टेकलं, तिथून त्याला उठवायचं नाही, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर मिळतं. दिवस मावळताना पाणी आलं. सासऱ्यांनी दोघांनाही ओढून बाहेर काढलं. मग पाहुण्याची पिशवी राहिली म्हणून परत आत गेले. ते तिसऱ्या दिवशी तळ्याच्या पलीकडच्या काठाला सापडले. मी तेव्हा या घरात आले नव्हते, त्यामुळे मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही.

पाच वाजता एनेंनी आपली गादी आणि रजई काखोटीला मारली. मी कपाळाला हात लावला, कारण आता काय होणार ते मला पाठ आहे. त्या तालगातच्या तंबूपाशी गेल्या, त्याच्याही हातभर खाली, घळीच्या अगदी खोलगट मधोमध गादी पसरली आणि आडव्या झाल्या. पाणी आलंच असतं, तर आधी त्यांची पाठ भिजली असती.

"अपा, हे काय?" तालगात बाहेर आला.

"गुडघे दुखतात रे. इथे मऊ आहे, तूच म्हणालास."

"मग झोपा की," तो म्हणाला आणि आत गेला.

असाही एखादा भेटतो. शहरात पाठवलं की माणसाच्या अंगातून काय काय धुऊन निघतं! मी वरून बघत होते. ऊन डोंगराच्या खांद्यावर गेलं होतं आणि ओढा अजून गप्प होता. मी मनाशी ठरवलं, आणखी दहा मिनिटं. मग सासू गेली खड्ड्यात आणि रीतही गेली, मी ओरडणार.

तेवढ्यात त्याची बायको आनारा पोरींचे हात धुऊन तळ्यावरून आली. तिचं माहेर नारीनकडच्या खेड्यातलं. तिने खाली पडलेली म्हातारी पाहिली आणि जागच्या जागी थिजली.

"तालगात! अपा आपल्या पायाशी झोपल्यात!"

"त्यांनाच हवंय तिथे. मी काय करू?"

"काय करू? आपल्या तंबूत वडीलधारं माणूस कुठे बसतं? वर मानाच्या जागी की खाली दाराशी? माझ्या आईला कळलं ना, तर आपल्याला उंबरा चढू देणार नाही ती." मग ती एनेंपाशी गुडघ्यांवर बसली. "अपा, तुम्ही वर चला. आम्ही खाली येतो."

"मी पाहुण्याच्या वर कशी झोपू, पोरी? तुम्ही झाडाखाली गेलात, तर मी तुमच्या शेजारी येईन."

आनारा उठली. तंबूची पहिली खुंटी तिने स्वतः उपटली. ती दुसरी उपटत असताना तालगात बाहेर आला, बायकोचं तोंड पाहिलं आणि तिसरी मुकाट्याने उपटली. मी धावत खाली गेले आणि दोन्ही पोरींना काखेत घेऊन चढ चढले. धाकटी म्हणाली, "मावशी, तू धापा का टाकतेस?" तिला काय सांगणार?

दिवेलागणीला ओढा पुन्हा खळाळायला लागला. अडकलेलं पाणी आपल्या नेहमीच्या वाटेने गेलं. घळ कोरडी ती कोरडीच.

सकाळी तालगातने सामान गाडीत कोंबलं आणि घळीकडे बोट केलं. "बघितलंत, अपा? थेंब नाही! पोरींना रात्रभर दगड टोचले."

"चुकलं माझं, बाळा," एने म्हणाल्या. "म्हातारीचं डोकं ते. राग धरू नकोस."

त्यांनी पोरींच्या झोळीत बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, ओतले, दोन्ही तळहात वर करून रस्त्यासाठी दुवा दिली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभ्या राहिल्या. या घरात मला अकरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात त्या अशीच माफी मागतात, न आलेल्या पाण्याबद्दल, ज्यांना वाचवायचं होतं त्यांचीच. एकालाही का ते सांगत नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी रडू येतं. त्या दिवशी मात्र माझा तोल गेला.

"एने, त्याने तुम्हाला वेडं ठरवलं आणि तुम्ही त्याला बोरसोक दिलेत! एकदा तोंडाने उठ म्हणायला तुमचं काय जातं हो?"

त्या दोरीवर गादी टाकत होत्या. दवाने ती जड झाली होती. मी दुसरं टोक धरलं.

"तोंडाने म्हणणं एवढं सोपं असतं," त्या म्हणाल्या, "तर मग तुझा सासरा कशाला मेला असता गं?"

आम्ही दोघींनी मिळून गादीची ओली बाजू उन्हाकडे केली.