अकरा महिन्यांचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. आतला लाकडी नव्हे, त्याच्या बाहेरचा, लोखंडी जाळीचा. पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून आलात की डाव्या हाताला मी आहे. लिफ्ट नाही. त्यामुळे कोण किती धापा टाकत आलं, कोणाच्या पिशवीत काय आहे, हे मला आधी कळतं. चौकस म्हणा हवं तर. पण समोरच्या रंगूबाई माझ्याहून चौकस आहेत, निम्म्या बातम्या मला त्यांच्याकडूनच मिळतात.

सध्या माझा जीव थाऱ्यावर नाही. वारा नसतानाही कडी वाजते. या महिन्याअखेर अकरा महिने भरतायत.

माझा जन्म अंबडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. काळा ऑइलपेंट वाळायच्या आत टेम्पोत घालून इथं आणलं, म्हणून एका बाजूला अजून कोणाच्या तरी बोटांचे ठसे आहेत. मला आणलं रंगनाथकाकांनी. काका सातपूरच्या कारखान्यात लेथवर होते. रिटायर झाल्यावर फंडाचे सगळे पैसे या एका खोलीत आणि स्वयंपाकघरात घातले. पेन्शन म्हणाल तर दुधाच्या बिलात संपते.

"हा आपला कमावता मुलगा," काका मला थोपटून म्हणाले होते. "भांडत नाही, वेगळं निघत नाही."

"मग सून कुठाय त्याची?" लंकाबाईंनी विचारलं. काकांच्या त्या मिसेस.

"भाडेकरू येईल ना, तीच सून."

दोघं गावी कळवणला राहायला गेले आणि माझ्या आत पहिली सून आली, म्हणजे कंपनीतला एक मुलगा.

आता काकांचं एक सांगायला हवं. त्यांच्या वडिलांनी कळवणच्या बाजारात पुढची खोली एका दुकानदाराला नुसत्या तोंडी बोलीवर दिली होती. तो निघालाच नाही. कोर्टाच्या तारखा करता करता वडील गेले. ते बघत काका मोठे झाले. म्हणून त्यांचा नियमच होता. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरूनं एक दिवस सगळं सामान बाहेर काढायचं. काका कळवणहून एसटीनं येणार, माझ्या कडीला स्वतःचं कुलूप लावणार, मोबाइलवर फोटो काढणार. ताबा आपल्याकडे आला याचा पुरावा. संध्याकाळी नवा करार आणि सामान परत आत.

"काका, घराला उपास घालता होय?" रंगूबाई चिडवायच्या.

"हसा तुम्ही. ज्याचं जातं त्याला कळतं."

तो कंपनीतला मुलगा सामान घेऊन खाली उतरला तो वर आलाच नाही. मग मी चार महिने बंद, भाडंही बंद. जाळीत कोळ्यांनी घर केलं. त्या दिवसांत लंकाबाई बीपीची गोळी अर्धी मोडून घेत होत्या. हे काकांना माहीत नव्हतं. लंकाबाईंनी फोनवर रंगूबाईंना तेवढं सांगितलं, आणि रंगूबाई जिन्यात उभ्या राहून बोलतात.

मग सलाउद्दीन आला. एसी-फ्रिज दुरुस्तीची कामं करणारा. बऱ्याच सोसायट्या फिरून आला होता. नाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. काकांनी नावाचं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, "अकरा महिन्यांनी एक दिवस सामान काढशील?"

"काका, दोन दिवस काढतो."

तो, त्याची बायको नसीम आणि त्याची आई अशी तिघं आली. आईला जिन्यातली सगळी पोरं दादी म्हणायला लागली. दोनदा त्यांनी सामान काढलं, हूं की चूं नाही. गादी रंगूबाईंच्या गॅलरीत, फ्रिज जिन्यात, दादी रंगूबाईंच्या सोफ्यावर टीव्ही बघत. पण नसीमनं भिंतीत कधी खिळा मारला नाही, आणि भांड्यांचं एक खोकं बांधलेलंच असायचं. रंगूबाईंनी विचारलं तर म्हणायची, "खोलून काय करू भाभी, परत बांधायचंच हाय."

तिसरी खेप जवळ आली आणि दादी मोरीत पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलं होतं. नसीमनं काकांना फोन केला. काका म्हणाले, "उचलून समोर न्यायचं तर आहे. एका दिवसाचा प्रश्न."

त्या सकाळी काका आले, आणि पहिल्यांदाच लंकाबाईही सोबत आल्या. गुडघे धरत, दर वळणावर थांबत. त्या वर पोचल्या तेव्हा सामान निघालं होतं. आत फक्त दादीची खाट. सलाउद्दीन आणि एक शेजारी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बाहेर आणत होते. ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी तिनं मला धरलं, माझ्या जाळीत बोटं घातली आणि सोडेचना.

"अम्मी, छोडो ना," नसीम म्हणाली.

सलाउद्दीननं खुर्ची खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाला, "काका, तुमचं बरोबर असेल. पण आज हिला काढलं, तर आम्ही परत येणार नाही."

काका हातातलं कुलूप उघडझाक करत राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे वडिलांची खोली होती, मला दिसत होती. त्यांना वाईट म्हणू नका. म्हातारपणाला त्यांच्याकडे माझ्याशिवाय काही नाही.

लंकाबाईंनी दादीची खुर्ची परत आत न्यायला लावली. तिला खाटेवर आडवं करवलं आणि स्वतः फरशीवर बसल्या. "लावा कुलूप," त्या म्हणाल्या.

"अगं, तू बाहेर ये आधी."

"कशाला? ताबा आपला हाय ना आज? मग मी माझ्या घरात बसले. ही माझी पाहुणी. पाहुणीला कुणी हाकलतं का?" मग म्हणाल्या, "चार महिने घर बंद होतं तवा मी अर्धी गोळी खात होते. आता पाव खायला लावता का?"

ही गोळीची गोष्ट काका पहिल्यांदाच ऐकत होते. मग त्यांनी खरंच मला ओढून घेतलं, कुलूप लावलं, मोबाइल वर धरला. आणि हात तसाच राहिला. जाळीमागे दोन म्हाताऱ्या. एक त्यांची. फोटो काही निघाला नाही. त्यांनी कुलूप काढलं, पिशवीत टाकलं आणि सलाउद्दीनला म्हणाले, "ती आत बसलीय म्हणजे ताबा आलाच की. फ्रिज आत घे, जिना अडलाय."

रंगूबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि दोन दिवस सगळ्या बिल्डिंगला ही गोष्ट सांगितली.

पण करार परत अकराच महिन्यांचा झाला, आणि ते आता भरतायत. रविवारी येतो, असा काल काकांचा फोन आला. आणखी काही बोलले नाहीत. नसीमनं खोकं पुढे ओढलंय, बांधू की नको करत दोरी हातात घेऊन बसलीय. सलाउद्दीन जाता येता माझी कडी उगाच हलवून बघतो.

काका, मी कुठे पळून जात नाही. माझ्यातून माणसं आत-बाहेर करतात म्हणून तर कळवणला तुमची चूल पेटते. रविवारी या. कुलूप आणलंत तरी पिशवीतच राहू द्या. बेल वाजवा. दादी आता काठी टेकत चार पावलं चालते आणि कडी स्वतःच काढते, दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही. वेळ लागेल तिला. तेवढं बाहेर थांबा.