मोहगावचा हाडवाढ लेप

मोहगावच्या बाजारात रविवारी दोनशे माणसं तोंड उघडून उभी होती. आश्चर्यानं नव्हे, हाडवाढबाबाला जबडा दाखवायला. आणि त्या रांगेत माझी बायको, लीलाबाई. तीस वर्षं मी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवलं, घरातच नापास झालो.

तिच्या खालच्या दाढा कधीच्या गेल्या. भाकर वरणात भिजवून गिळते. पांढुर्ण्याच्या करुणा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पक्के दात बसवायचे तर स्क्रूला सहा मिलिमीटर रुंद हाड पाहिजे. तुमचं तीनच आहे. आधी ते रुंद करावं लागेल. सगळं मिळून नऊ महिने."

"नऊ महिन्यांत लेकरू होते," म्हणत लीलाबाईनं मोहगावची बस धरली.

बाबा समजावून सांगत होता, "हाड कशाचं? मातीचं. माती कशानं फुगते? ओलाव्यानं. माझ्या लेपात सात नद्यांचा ओलावा आहे, आपल्या इथल्या जामनदीसकट." त्यानं चिमट्यानं तिचा जबडा मोजला. पाच. मग काळा लेप चोळला आणि रात्री तिथंच मुक्काम करायला लावला. दुसऱ्या दिवशी मोजला तर नऊ! लोकांनी टाळ्या वाजवल्या. "येत्या रविवारी स्क्रू ठोकून देतो," बाबा म्हणाला.

घरी आली तेव्हा गाल टम्म सुजलेला, पेजसुद्धा गिळवेना. मी चिडलो, आणि खरं सांगतो, घाबरलोही. त्या पातळ हाडात स्क्रू ठोकला तर जबडाच मोडायचा.

"डॉक्टरकडे चल."

"दुखून राहिलं म्हणजे वाढून राहिलं," ती म्हणाली.

दोन दिवसांनी लुगडं धुताना तिला पदरावर लेपाचा थेंब दिसला. काळाकुट्ट. साबणानं घासला, दगडावर आपटला, डाग जाईना.

"अहो," ती म्हणाली, "हा तं बिबा होय."

जन्मभर शेतात राबताना भेगाळलेल्या टाचांना तिनं बिबाच लावला होता. तो अंगावर उतला की कातडी कशी फुगते, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण टाचेची वस्तू ओळखायला बिचारीला तोंड पोळून घ्यावं लागलं.

मग ती आपणहून पांढुर्ण्याला आली. नव्या स्कॅनमध्ये हाड तेवढंच, तीन. "चिमट्यात सुजलेली हिरडी मोजली त्यानं," करुणाबाई म्हणाल्या.

रविवारी लीलाबाई रांगेत सगळ्यात पुढं.

"बाबा, आधी तुमच्या कपाळाले लावा थोडा. तेही अरुंदच दिसून राहिलं."

"माता, साधूच्या अंगाला लेप चालत नाही."

"काऊन?" मागून रांगेतले आमच्या गावचे नत्थूजी म्हणाले. "साधूले हाडं नसतात काय?"

लीलाबाईनं पदर पसरला. कपडे धुणाऱ्या देवकाबाईनं डाग निरखला. "बिबाच. आम्ही कपड्याले खूण यानंच करत होतो." रांगेतली तोंडं एकेक करून मिटली. बाबा गर्दीतून मागच्या मागं सटकला, चिमटा तेवढा विसरला.

सूज उतरल्यावर करुणाबाईंनी हाडाची कड उभी चिरून हळूच फाकवली, मधे हाडाची भुकटी भरली आणि टाके घातले. मंत्र एकही म्हटला नाही. आता भरून यायची वाट पाहतोय. भाकर अजून वरणातच भिजते.

कोणी विचारायला आलं की लीलाबाई एवढंच सांगते, "हाड आपल्या टायमानं भरते. एका रातीत वाढवतो म्हणणारा भेटला, तं त्याले म्हणा, पहिले सोताले लाव."