स्वग्राम : वेंगुर्ले

मुलुंडच्या बाल्कनीत निवृत्त न्यायाधीश विद्याधर डुलक्या घेत होते आणि मांडीवरच्या फॉर्मवर हळूहळू समुद्र चढत होता. कपाटं, पलंग, तुळशीवृंदावन, सगळं बिऱ्हाड लाटांवरून अलगद चाललं होतं. पुढे बायको, उत्तराबाई, पदर खोचून.

जाग आली तेव्हा फॉर्म कोराच होता. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत न्यायाधीशाला सामानासकट नोंदलेल्या गावी जायचा प्रवासभत्ता मिळतो, असा नियम. मुदत उद्या संपत होती.

विद्याधर जन्माचे मुलुंडकर, त्यांना गाव कुठलं? तीस वर्षांपूर्वी नोकरीला लागताना, बायकोला रजेत माहेरी जायला प्रवास सवलत मिळावी म्हणून त्यांनी 'स्वग्राम' या रकान्यात वेंगुर्ले ठोकून दिलं. आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला! न्यायाधीशाला त्याच्या गावच्या जिल्ह्यात नेमत नाहीत, हे महिन्याभरात कळलं. एका अर्जावर गाव बदलता आलं असतं. पण सही करून शब्द फिरवणाऱ्यांना भर कोर्टात झापणारा हा माणूस, स्वतःचा कसा फिरवणार? नुसता हट्ट, दुसरं काय.

बदल्यांची यादी लागली की उत्तरा बिचारी विचारायची, "वेंगुर्लं आलं का हो?" नांदेड आलं, भंडारा आलं, परभणी आलं. लेक जवळ राहायला येईल म्हणून तिची आई वाट बघून बघून गेली. विद्याधर म्हणायचे, "वरच्यांची मर्जी."

आता हे खोटं पोटात ठेवून तिला तिच्याच गावी कुठल्या तोंडाने न्यायचं? उत्तरा चहा घेऊन आली तसं त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

राग आला की तिची मालवणी वर यायची. "इतकी वर्सां माका सांगलास नाय कित्याक?"

"लाज वाटली गं."

"आवस वाट बघीत गेली माजी."

त्यांचे डोळे भरून आले. उत्तराने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात स्वतःच्या अक्षरात वेंगुर्ले लिहिलं.

"सामान पोचवायला चला," ती म्हणाली. "तुम्ही तिथे राहायचं की परत फिरायचं, ते मग सांगेन. निकाल राखून ठेवलाय."

चहा निवला. विद्याधरांनी डोळे मिटले, तर पुन्हा तोच समुद्र. या खेपेला तुळशीवृंदावन त्यांच्याच डोक्यावर होतं, आणि पुढे चाललेली उत्तरा मागे वळून बघत नव्हती.