चित्राच्या मागची ओल

मी सात नंबर बोलतेय. दीडशे वर्षांच्या या लॉजमधली रस्त्याकडची खोली. दारावर पितळी पाटी आहे, ‘चित्रकाराची खोली’. ती वाचून लोक आवाज खाली आणतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चित्रकार इथलाच. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एका हिवाळ्यात घराचं छप्पर दुरुस्त होईतो बापलेक माझ्याकडे राहिले. पोर पाच वर्षांची, तोंडाला खळ नाही! तिला एका जागी बसवायला त्याने माझ्या भिंतीवरच तिचं चित्र काढायला घेतलं. खिडकीत बसलेली, एका पायात मोजा, दुसरा उघडा, वेणीला लाल रिबीन.

“बाबा, नाक एवढं मोठं?”

“हलू नकोस, नाहीतर आणखी वाढेल.”

त्याच भिंतीत पाण्याचा पाइप झिरपत होता. ओल पलीकडे जिन्याच्या बाजूला फुटू दिली असती, तर कुणीतरी वेळीच बघितलं असतं. पण मी पडले मिजासखोर. ओलीच्या खोलीत कोण उतरणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी पाणी चित्रामागे जिरवत राहिले. रंगाला फोड आले. आधी चेहराच गेला, मग बाकीचंही डागात मिसळलं.

चित्रकार वारल्यावर त्याचं नाव झालं. नव्या मालकीणबाईंनी हौसेने मला त्याची खोली केली. त्याच्या चित्रांच्या छापील प्रती टांगल्या, त्याच्या आवडत्या निळ्या रंगाचे पडदे लावले. आणि “हा कसला डाग बाई?” म्हणत भिंतीवरही तोच निळा फिरवला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! डाग मीच केला होता.

परवा सकाळी एक आजी आल्या. छापील चित्रांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, तडक भिंतीशी गेल्या.

“मी इथे होते,” त्या म्हणाल्या. “बाबांचा फोटोही नाही हो माझ्याकडे. त्यांच्या हातचं माझं असं हे एकच होतं.”

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. “अगं बाई! मला वाटलं, ओलीचा डाग आहे.”

आजींनी भिंतीवर तळहात टेकला. निळ्याचा एक पापुद्रा सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उलटा केला. मागे लाल रिबीन चिकटून आली होती. भिंतीवर तिथे नुसता गिलावा उरला. देतानाही मी मोडूनच दिलं.

आजी हसल्या, मग रडल्या. “नाक बघायचं होतं मला,” म्हणाल्या. पापुद्रा रुमालात गुंडाळून गेल्या.

उद्या प्लंबर येणार आहे. पाइप बदलतील, भिंत सुकेल, पण चेहरा कुठून आणतील? तो नीट आठवणारी आता मीच काय ती उरले.

आजी, मला माफ करा. नाक मुळीच मोठं नव्हतं हो. अगदी तुमच्या बाबांसारखं होतं.